डबाभर शांतता

आदरणीय मेहुणे फोतिस यांना बेटावरून स्ताथिसचा नमस्कार.

आम्ही इथे खुशाल आहोत (तुमच्या बहिणीचा गुडघा सोडून, तो कधीच खुशाल नव्हता), आणि तुम्ही, वहिनी, मुलं आणि पिरेयसचं तुमचं तेलाचं दुकान, सगळी मंडळी खुशाल असावीत अशी संत निकोलसापुढे रोज दिवा लावून प्रार्थना करतो. रोज म्हणजे आठवण झाली की. पत्रास कारण तुम्ही फेरीबोटीबरोबर पाठवलेलं नवं इंजिन ऑइल, आणि त्यात ओतायचा तो झीज थांबवणारा छोटा डबा.

तुमचं म्हणणं मला मुळातच मान्य होतं. माझ्या नावेचं इंजिन आमच्या लग्नाच्या वर्षी घेतलेलं. आतला पिस्टन घासून घासून इतका सैल झाला होता की त्याची ठकठक अख्ख्या खाडीत ऐकू जायची, आणि तेल बदललं नाही तर दोन वर्षांत ते भंगारात जाईल असं तुम्ही बजावलं होतंत. पण तेल कुठलं घालावं यावर इथे कॉफीच्या दुकानात जी चर्चा झाली ती तुम्ही ऐकायला हवी होती. निम्मे म्हणाले, जुन्या इंजिनाला जाडच तेल हवं, पातळ तेल फटींतून निसटून जाईल. बाकीचे म्हणाले, थंडीत सकाळी पातळ तेलच चटकन वर चढतं, आणि खरी झीज होते ती सुरू करतानाच. (हे तुमच्या पत्रातलं वाक्य. मी स्वतःचं म्हणून ऐकवलं होतं.) पान्देलिसने, ज्याच्या नावेला इंजिनच नाही, नुसती वल्ही आहेत, वाटीभर ऑलिव्हचं तेल घालायला सांगितलं, जे माणसाच्या सांध्यांना चालतं ते पिस्टनला का चालू नये, असा त्याचा सवाल. तुमची बहीण आर्गिरो इतकी वर्षं त्या गुडघ्याला तेच चोळतेय हे मी दाखवून दिलं, तेव्हा कुठे त्याने तो हट्ट सोडला. शेवटी तुमचंच ऐकलं. जुनं डांबरासारखं तेल काढलं, नवं भरलं, डबा ओतला आणि इंजिन सुरू केलं.

ठकठक गेली हो. नुसती गुणगुण उरली. पान्देलिसने टोपी काढली, आणि तो ती पाद्रीबाबांसमोरही काढत नाही.

आता घोळ कुठे झाला ते सांगतो. मंगळवारी दुपारी दक्षिणेचा वारा फिरला आणि समुद्रावर दाट धुकं उतरलं. मी शहाण्यासारखं जाळं लवकर ओढलं, गुणगुणत बंदरात आलो, नाव बांधली आणि अंग गारठलं म्हणून जरा कॉफीला बसलो. (जरा म्हणजे दोन कप आणि पत्त्यांचा एक डाव. बहिणीला सांगू नका.) घरी आलो तर शेगडी थंड, मसुराचं भांडं ओट्यावर तसंच, आणि आर्गिरोचा पत्ता नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खाडीच्या तोंडाशी ठकठक ऐकू आली की ती मसूर चढवायची, बंदराशी आली की कांदा चिरायची, थांबली की ताट वाढायची. मला वाटायचं, आमच्या घरी जेवण कायम गरमच असतं.

शोधत गेलो, तर ती धक्क्याच्या टोकाला, घरातल्या सपाता घालून, त्या गुडघ्यानिशी, समुद्राकडे बघत उभी. मागून हाक मारली. ती वळली, नेहमीसारखं "मेल्या" म्हणाली, आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर तिला पुढे बोलवेचना. मग हळूच म्हणाली, "अहो, तुमचा आवाज कुठं गेला?" इंजिनाचा नाही म्हणाली. तुमचा म्हणाली. मला फार वाईट वाटलं, फोतिस. इतकी वर्षं ज्या आवाजाला मी शिव्या घालत होतो, त्याच्यावर ही बाई संसार चालवत होती.

तेव्हा राग मानू नका, पण तुमचं हे औषध इंजिनातून काढायचं कसं ते कळवा, आणि जुनं जाड तेल अजून मिळत असेल तर एक कॅन पाठवा. इंजिन दोन वर्षांत मेलं तर मरो.

आपला,
स्ताथिस

ता. क. पत्र आर्गिरोने वाचलं. 'मरो' हा शब्द खोडा म्हणाली. खोडाखोड वाईट दिसते म्हणून ठेवलाय. तिचं म्हणणं, इंजिन जगू दे, धक्क्यावर उभं राहण्यापेक्षा मीच नावेत येऊन बसते. तेव्हा तिच्यासाठी एक लाइफ जॅकेट पाठवा. माप विचारू नका. मोठं आलं तर ती रागावेल, लहान आलं तर बसणार नाही, तुम्ही सख्खे भाऊ आहात, बघा.

ता. क. दुसरा. संपामुळे फेरीबोट आली नाही, पत्र घरीच राहिलं. दरम्यान आर्गिरो रोज येतेय. समोर बसून जाळ्यातले मासे सोडवते आणि बोलते. पूर्वी कधी नावेत आली की तिचे ओठ हलायचे आणि मी मान हलवायचो. आता सगळं ऐकू येतं. काल म्हणाली, लग्न झाल्यापासून तिला समुद्राची भीती वाटते. मी विचारलं, मग इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीस. तर म्हणे, इथेच बसून दरवेळी सांगत होते, तुम्ही हो हो करत होतात.

उद्याही येणार आहे.

जुनं तेल पाठवू नका. तो छोटा डबा आणखी एक पाठवा.