संस्था हीच इमारत, पाने चौसष्ट

३ जून, मंगळवार. सकाळी ६.५०
आजपासून रोज लिहिणार. विषय एकच: सूड.

रविवारी सासऱ्यांकडे जेवायला होतो. शेजारच्या काकांनी विचारलं, जावई काय करतात? सासरे म्हणाले, दोघेही आर्किटेक्ट. मग जरा थांबून म्हणाले, म्हणजे मोठे खरे. मोठे म्हणजे माझे साडू. त्यांनी पाणी पिता पिता मला विचारलं, "तुम्ही नक्की काय बांधता हो?" सगळे हसले. ही पण हसली. घरी आल्यावर जाब विचारला तर म्हणे, सगळे हसले म्हणून हसले.

मी एंटरप्राइझ आर्किटेक्ट आहे. कंपनीत कुठल्या खात्याचं काम कुठल्या खात्याला जोडायचं, कुठली माहिती कुठून कुठे जायची, हे मी ठरवतो. (ठरवतो म्हणजे सुचवतो.) इमारती बांधणं सोपं. विटांना मीटिंगला बोलवावं लागत नाही.

५ जून, गुरुवार
ऑफिस नव्या जागेत जाणार. आतल्या बांधकामाचं काम कुणाला? साडूंना. मोठे साहेब म्हणाले, तुमच्या नात्यातलेच निघाले की, छान. मीही छान म्हणालो.

एक बरी बातमी. नव्या जागेत प्रत्येक खातेप्रमुखाला केबिन. दार असलेली. अकरा वर्षं प्रिंटरशेजारी बसतोय. माझ्या खात्यात मी एकटाच, म्हणजे प्रमुखही मीच. हिने लगेच बहिणीला फोन करून सांगून टाकलं. आता केबिन मिळालीच पाहिजे, नाहीतर साडूंना तोंड दाखवायची सोय नाही.

संकल्प: इमारतीचीच तत्त्वं वापरून कंपनीचा आराखडा लिहायचा. पाया, खांब, भार घेणाऱ्या भिंती, सगळं. नाव 'संस्था हीच इमारत'. साडूंना त्यांच्याच फूटपट्टीने मारायचं.

९ जून, सोमवार
बांधकामाची चार पुस्तकं आणली. पहिल्यात पायापर्यंत पोचलो. भार घेणारी भिंत ठोकली की भरीव वाजते, पार्टिशन पोकळ. घरातल्या सगळ्या भिंती ठोकून पाहिल्या. शेजाऱ्यांनी पलीकडून ठोकलं.

ऑफिसात हेच तत्त्व लावून यादी केली. भरीव: तीन. पोकळ: सत्तावीस. मोठ्या साहेबांचं नाव पेन्सिलने लिहिलंय.

१२ जून, गुरुवार. ११.४०
देव आहे. कॉन्ट्रॅक्टरच्या सुपरवायझरचा मेल आला: "आर्किटेक्ट साहेब, अकाउंट्सला दारं किती?" कंपनीच्या यादीत आर्किटेक्ट एकच, तो मी. साडूंचा प्रश्न चुकून माझ्याकडे.

फॉरवर्ड करणारच होतो. मग रविवारचं ते हसणं आठवलं. माझ्या आराखड्याचं नववं पान चिकटवलं: 'अकाउंट्सला मार्ग एकच. आत-बाहेर फक्त परवानगीने.' खाली लिहिलं, आर्किटेक्ट. यात खोटं काहीच नाही.

२० जून, शुक्रवार
रोज मेल. रोज उत्तर. आज त्याने पूर्ण प्लॅनच मागितला. चौसष्टच्या चौसष्ट पानं पाठवली.

आराखड्यात मी म्हटलंय, विक्री आणि तक्रार यांच्यात भिंत नको. म्हणजे विक्रीवाल्यांनी तक्रारी वाचत जाव्यात, एवढाच अर्थ. हा गडी खरीच भिंत काढणार. बांधून झालं की सगळे डोक्याला हात लावतील आणि साडूंची अब्रू धुळीला मिळेल. हिला सांगायचा फार मोह झाला. जीभ चावली.

१४ जुलै, सोमवार
साडू दुसऱ्या एका साइटवर अडकलेत. महिनाभर इकडे फिरकले नाहीत. काळजी घ्या, असा मेसेज केला.

केबिनसाठी पडदे बघून आलो. ही म्हणाली, खिडकी आहे का? तेवढं विचारायचं राहिलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
साडू साइट बघून गेले म्हणे. आता बोंब होणार म्हणून दिवसभर फोन हातातच ठेवला. संध्याकाळी फोन आला. सगळे बरे आहात ना, एवढंच विचारलं. घाबरलेत.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
खाती एकेक करून नव्या जागेत जाताहेत. माझा नंबर शेवटचा.

विक्रीवाल्यांच्या कानाशी आता दिवसभर तक्रारवाले गिऱ्हाइकांची समजूत घालत असतात. ऐकून ऐकून विक्रीवाल्यांनी वाट्टेल ती आश्वासनं देणं बंद केलं. तक्रारी निम्म्यावर आल्या. मोठे साहेब बेहद्द खूश. साडूंवर. मला जेवण गेलं नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी ३
उद्घाटन. सासऱ्यांना मीच आग्रहाने बोलावलं होतं, साडूंची फजिती बघायला. मोठ्या साहेबांनी माइकवर साडूंचं कौतुक सुरू केलं. माझ्या अंगाची लाही लाही. तेवढ्यात साडू उठले.

"प्लॅन माझा नाही, यांचा आहे. साइटवर पाहिला, माझ्यापेक्षा बरा वाटला. म्हणून राहू दिला."

टाळ्या. सासरे माझ्याकडे बघतच राहिले. लग्नातसुद्धा असे बघितले नव्हते. माणसाने शत्रुत्वही धड करू नये म्हणजे काय.

सुपरवायझरला बाजूला घेऊन विचारलं, माझी केबिन? त्याने पान एक्केचाळीस काढलं. वाक्य माझंच: 'आर्किटेक्चर विभाग कुठल्याही खोलीत बंद नसेल. तो सगळ्या खात्यांमधून जाईल आणि सगळ्यांना जोडेल.' त्याने ते बरोबर ओळखलं होतं. पॅसेज. लांबलचक, उजेडाचा. मधोमध माझं टेबल.

मोठ्या साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, पॅसेजमध्ये बसायचं हे तुम्हीच ठरवलंत? नाही म्हटलं तर प्लॅन माझा नाही. प्लॅन परत साडूंचा, पण केबिन कदाचित माझी. सासरे अजून बघत होते.

मी म्हणालो, "हो. तत्त्वाचा प्रश्न आहे."

९ ऑक्टोबर, गुरुवार
दिवसभर लोक पुढून जातात. थांबतात ते एकाच प्रश्नासाठी: बाथरूम कुठे? उजवीकडे, दुसरं दार.

चार वाजता साडू आले, काहीतरी गळतंय ते बघायला. त्यांनीही तेच विचारलं. प्लॅन माझा, त्यांना कुठून पाठ असणार. मी डावीकडे पाठवलं, अकाउंट्समध्ये. आत गेले, दार लागलं. परवानगी मिळेपर्यंत सुटका नाही. चार महिन्यांतला पहिला निर्भेळ सूड. चहा मागवला.

अर्ध्या तासाने बाहेर आले. आत मोठे साहेब बसले होते म्हणे. वरचा मजलाही कंपनी घेतेय, ते कामही साडूंना मिळालं. बरं झालं तिकडे पाठवलंत, म्हणाले. मग माझ्या टेबलाला टेकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "या वेळी प्लॅन आधी तुम्हालाच दाखवणार. तुमच्यासाठी काय ठेवू त्यात?"

मी तत्त्वावर बोलायला तोंड उघडलं.

"एक दार," मी म्हणालो.