कंबर दोन इंच कमी

तीर्थस्वरूप दादांना,

मशीनवरून अर्धवट उठून केलेला नमस्कार पोचावा. (पूर्ण उठलो की गुडघे बोलू लागतात, म्हणून अर्धवट.) आपली प्रकृती उत्तम असणारच. निवृत्त ग्रंथपालाला होणार काय, पुस्तकांची धूळ आता दुसऱ्या कुणाच्या तरी नाकात जाते. इकडे सगळं ठीक. मी ठणठणीत आहे, नजर तर घारीसारखी आहे. तुमची बहीण समोर बसून काजं करते आहे आणि मी एवढं काय लिहितोय ते नुसत्या भुवयांनी विचारते आहे. खुशाली कळवतोय, असं मीही भुवयांनीच सांगितलं.

पत्र लिहिण्याचं कारण म्हणजे तुमची भाची. तुमच्या घरी राहून तिनं दोन वर्षं कॉलेज केलं, सुट्टीला घरी आली, सुट्टी संपली, तिसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू होऊन दहा दिवस झाले, आणि बाईसाहेब अजून माझ्या दुकानातल्या स्टुलावर ठाण मांडून बसल्या आहेत. कॉलेज पुरे झालं म्हणतात, आता दुकान बघायचं म्हणतात. दादा, मी हात जोडतो, तिला घेऊन जा. एवढं शिकलेलं माणूस दुकानात ठेवणं मला परवडण्यासारखं नाही.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही याच दुकानात, कटिंगच्या टेबलावर कोपर टेकून (कोटाच्या कापडावर, चहा सांडून, पण ते जाऊ दे) मला समजावलं होतंत. म्हणालात, कॉलेज नुसतं नोकरीसाठी नसतं, तिथे माणूस विचार करायला शिकतो. तेव्हा मी काही बोललो नाही, ते पटलं म्हणून नव्हे, तर तोंडात टाचण्या होत्या म्हणून. मला वाटलं, शिकेल विचार करायला, करेल बिचारी फावल्या वेळात. ती दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत विचार करते, आणि तोही मोठ्यानं, गिऱ्हाइकासमोर.

आमच्या धंद्याची रीत तुम्हाला ठाऊक नसेल. माझ्या वडिलांनी घालून दिलेली आहे. गिऱ्हाइकाच्या कंबरेभोवती टेप फिरवायची, आकडा बघायचा आणि दोन इंच कमी करून मोठ्यानं सांगायचा. वही लिहिणाऱ्यानं गुपचूप दोन मिळवून लिहायचं. गिऱ्हाईक खूश, पँट बरोबर, कुणाचं काही बिघडत नाही. इतकी वर्षं वही तुमची बहीण लिहीत आली. लग्न होऊन आली त्या आठवड्यातच ती हे शिकली, तेही कुणी न सांगता. मुलीला सांगायचं राहून गेलं, कारण शिंप्याच्या मुलीला हे रक्तातच माहीत असेल असं आम्ही धरून चाललो.

एके दिवशी तुमची बहीण दोरा आणायला गेलेली, वही मुलीच्या हातात, आणि आमचे वकीलसाहेब आले, सपत्नीक. मी टेप फिरवली आणि खणखणीत आवाजात अडतीस म्हणालो. मुलगी स्टुलावरून वाकली, टेप बघितली, आणि वहीत लिहिलं (वही जपून ठेवली आहे, आलात की बघा): सांगितलेलं, अडतीस. दिसलेलं, चाळीस. फरकाचं कारण, अज्ञात. एवढं लिहून थांबली असती तरी मी सावरून घेतलं असतं. पण म्हणे कारण शोधल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. तिनं वकीलसाहेबांनाच विचारलं, अगदी गोड आवाजात, की काका, तुम्हाला आजवर किती सांगत आलेत? वकीलसाहेब आयुष्यभर लोकांची उलटतपासणी करत आले, इथे त्यांचीच झाली. उत्तर त्यांच्या पत्नीनं दिलं. छत्तीस, म्हणाल्या, दहा वर्षांपूर्वी, आणि मी तेव्हाच म्हणत होते.

मला वाटलं, गेलं हे गिऱ्हाईक. आठ दिवसांनी ते परत आले, कोर्टातल्या तिघा वकील मित्रांना घेऊन, आणि मला बाजूला सारून म्हणाले, माप त्या मुलीनं घ्यायचं. आता निम्मी गिऱ्हाइकं खरं माप मागतात. पँट पहिल्याच फेरीत बसते. पूर्वी माणूस एका पँटसाठी तीनदा यायचा, बसायचा, चार गप्पा व्हायच्या. आता एकदा येतो आणि निघून जातो. विचार करायला शिकवण्याचा हा परिणाम तुमच्या कॉलेजवाल्यांच्या लक्षात आलेला दिसत नाही.

पुढे ऐका. हेडमास्तरांच्या निळ्या कोटाला मी बाही लावत होतो. ऐन मोक्याला हिनं विचारलं, बाबा, मुळात कोटाला कॉलर कशासाठी असते? पस्तीस वर्षं कॉलर लावतोय, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी विचारात पडलो आणि निळ्या कोटाला काळी बाही लागली. हेडमास्तर आठवडाभर तो कोट घालून शाळेत गेले. त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही, काही मास्तरांना तर ती फॅशन वाटली. चूक सर्वस्वी मुलीच्या प्रश्नाची आहे, हे तुम्ही कृपया लक्षात घ्या.

आणि त्या जुन्या वह्या. वडिलांच्या वेळच्या मापाच्या वह्यांची चळत मी मशीनच्या लुळ्या पायाखाली ठेवली होती. हिनं त्या काढल्या (मशीन अजून हलतं आहे), धूळ झटकली आणि टेबलावर मांडी घालून दोन दिवस वाचल्या. मापं, दादा. लोकांच्या छात्या आणि कंबरा. तिसऱ्या दिवशी म्हणाली, बाबा, या एका वर्षात गावातल्या सगळ्यांच्या कंबरा दोन-तीन इंचांनी कमी झाल्यात, आणि नवीन कपडा एकही नाही, नुसते जुने आवळून दिलेत. असं काय झालं होतं? मी सांगितलं, कारखाना बंद पडला होता. मी तेव्हा लहान होतो. संध्याकाळी माणसं पँट धरून दुकानात यायची आणि वडील खाली मान घालून एकेक आवळून द्यायचे. त्या वर्षी ते खोटं माप सांगत नसत. मला हे सगळं आठवत होतं, पण ते माझ्या मशीनच्या पायाखाली लिहून ठेवलेलं आहे हे ठाऊक नव्हतं. मला भरून आलं. अर्धा दिवस कामाचा खोळंबा झाला, तोही या तक्रारीत धरावा.

तात्पर्य, मुलगी दुकानाच्या कामातून गेलेली आहे. मला तिची जराही गरज नाही. येऊन घेऊन जा, किंवा खरमरीत पत्र लिहून बोलावून घ्या. वहिनींना नमस्कार, आणि कापडाला चहाचे डाग पाडणाऱ्या तुमच्या कोपरालाही.

आपला,
मेहुणा शिंपी

ता. क. वरचं पत्र तुमच्या पत्रासोबत तिला पाठवा. नुसतं सांगून भागणार नाही, ती पुरावा मागते, मूळ कागद मागते. माझ्या हातचं वाचलं की रागावेल आणि तरातरा परत येईल. हा दुसरा कागद मात्र दाखवू नका, वेगळा लिहिला आहे तो त्यासाठीच.

ता. क. दुसरा. तुम्हाला खरं सांगायला हवं. मला निळं आणि काळं ओळखता येत नाही, आता सहा महिने झाले. सुईत दोरा तुमची बहीण ओवून देते. कॉलरचा प्रश्न हिनं विचारला खरा, पण बाही लावून झाल्यावर. त्या वह्यांत एका पानावर वडिलांच्या अक्षरात माझं सतराव्या वर्षीचं माप आहे, पुढे लिहिलंय ‘कॉलेजचा कोट’, आणि त्यावर काट मारलेली. त्याच वर्षी वडिलांचा हात गेला आणि मी मशीनवर बसलो. हे काय आहे, तिनं विचारलं. काय सांगणार, मला दिसत नाही म्हणालो. पोरगी ते धरून बसली. मला दिसत नाही म्हणून ती इथे राहते आहे. दादा, ती गेली तर हे दुकान कसं चालेल मला माहीत नाही. पण ती राहिली तर दुसरा कोट खोडल्यासारखं होईल, आणि ते मला सोसायचं नाही. काहीही करा आणि तिला न्या.

मामा, पुढचं मी लिहिते आहे. बाबांनी पाकीट माझ्याकडे पत्ता लिहायला दिलं. त्यांना वाटतंय ते चिकटवलं आहे. डिंक पाकिटाऐवजी टेबलाला लागलाय.

मी दोन्ही कागद वाचले. काट मारलेली ओळ मी तेव्हाच वाचली होती. खोडलेलं आधी वाचायचं, हे तुमच्याच वाचनालयात शिकले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सोमवारचा दिवस घेतला आहे, मोतीबिंदूच असणार, दोन्ही बाहुल्या पांढुरक्या दिसतात. आईला सगळं ठाऊक होतं. बाबा ऑपरेशनला तयार झाले तर मी परत येते, आणि बुडालेले तास तुम्ही मला भरून काढायला लावा. पण महिनाभर तुम्ही इथे येऊन वही लिहायची. आईला बाबांजवळ बसावं लागेल.

काम अवघड नाही. बाबा कंबर सांगतील, त्यात दोन इंच मिळवून लिहायचं. ‘मला तिची जराही गरज नाही’ हे वाक्यही तसंच मिळवून लिहून घ्या.