आवाज कुठवर जातो

वेंडेल,

बीन्स शेगडीवर आहेत, गरम करून घे. बंदुकांच्या दुकानातून पर्डीकाकांचा फोन होता. म्हणाले, "सायलेन्सर लावून कमी वेगाची गोळीच वापरायची, तर पहिली रायफल हाताने बोल्ट ओढायची घ्यावी. आपोआप गोळी भरणारीचा आतला खडखडाट लपत नाही." मग हसले. "पण पोरी, तुझा नवरा डुकरांचं सोडून विचारत काय होता, तर हॅस्केलच्या घरात ऐकू जाईल का!"

रानडुकरं पूर्वेच्या शेतात येतात, वेंडेल. हॅस्केल पश्चिमेला राहतो. कुंपणावरून तुम्ही दोघं भांडलात, तेव्हापासून तू धड जेवलेला नाहीस.

मी मुलींना घेऊन ताईकडे जातेय. पर्डीकाकांना सांगितलंय, रायफल देऊ नका. हॅस्केलला अजून काही बोललेले नाही. अंधार पडायच्या आत मला फोन कर, नाहीतर बोलेन.

लोरीन