दोन वितींवरून चार बोटांवर

४ जानेवारी

ताईचं रेकॉर्डिंग सुरू झालं एकदाचं! वीस वर्षं दुसऱ्यांच्या मागे कोरसमध्ये उभी राहिली, आता आठ गाणी तिची एकटीची. माईक ओठांपासून दोन विती, नाकाच्या उंचीला, म्हणजे फुंकर थेट आत जात नाही. मी वितीनंच मोजतो, टेपबिप नाही. ताईला एवढं अंतर लागतंच — धाकट्या भावाला तीन घरांपलीकडून हाक मारणारा गळा तो! स्टँडच्या पायाशी पिवळी चिकटपट्टी लावली. म्हणाली, "ही पट्टी आता शेवटच्या गाण्यापर्यंत हलवायची नाही."

९ जानेवारी

श्वास घेताना बारीक शिट्टी येतेय. पंखा बंद केला. वायर बदलली. माईकही बदलला. शिट्टी आहेच.

शेवटी माईक जरा तिरका केला, तोंड गालाकडे. गेली! स्वतःवरच खूश झालो.

२ फेब्रुवारी

आवाज बारीक वाटला. दीड वीत. पिवळीच्या पुढे निळी पट्टी. माईक जवळ आला की आवाज भरदार होतो, ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. ऐकून ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुझ्या कानांना दृष्ट लागेल रे कुणाची."

१९ फेब्रुवारी

एक वीत. लाल पट्टी.

७ मार्च

मास्तर, म्हणजे आमचे व्हायोलिनवाले. जिभेला हाड नाही. व्हायोलिन पेटीत ठेवता ठेवता म्हणाले, "पूर्वी तुझ्या ताईपुढे मी ऐकू यावं म्हणून जीव काढायचो. आता हळू वाजवतोय, तरी ती झाकली जातेय. आणि या पट्ट्या कसल्या?"

"माईकच्या."

"ते दिसतंय. तिला सांगितलंस?"

मी विषय बदलला. भयंकर राग आला. मास्तरांचा नव्हे.

८ मार्च

सकाळी एकटाच स्टुडिओत. जानेवारीपासूनचं सगळं ओळीनं ऐकलं, माईक तिरका करण्याआधीचंही. शिट्टी कुठल्या यंत्रात नाही, ताईच्या घशात आहे.

खरं लिहून टाकतो, इथे कोण बघतंय — हे मला त्याच दिवशी वाटलं होतं. वायर बदलताना ठाऊक होतं की दोष वायरचा नाही. भीती वाटतेय.

पण दोनच गाणी राहिलीत. आता सांगितलं तर ती थांबेल, आणि एकदा थांबलं की हे पुन्हा होणे नाही. गाणी संपली की त्याच दिवशी सांगतो. महिनाभरानं काय आभाळ कोसळतंय!

२१ मार्च

चार बोटं. पट्टी लावलीच नाही. तरी ताईच्या लक्षात आलं. "अरे, किती जवळ! गिळू की काय तुझा माईक?" हसताना ठसका लागला, थांबेना. पाणी दिलं. "हवा बदललीय," म्हणाली. मी हो म्हटलं.

हो म्हटलं!

५ एप्रिल

आठवं गाणं. शेवटची ओळ अकरा वेळा घेतली, वरचा स्वर लागेना. बाराव्या वेळी तिचे ओठ माईकला टेकलेच. लागला. बाहेर येऊन दोघांनी ऐकलं — इतका सुंदर आवाज ताईचा कधीच नव्हता. ताईनं मला गच्च मिठी मारली. "सगळं तुझ्यामुळे रे."

आज सांगायचं होतं. नाही सांगितलं.

१७ एप्रिल

सकाळपासून ताईच्या तोंडून नुसती हवा येतेय. उद्या डॉक्टर. मीच नेतोय.

१८ एप्रिल

डॉक्टरांनी नळी घालून घसा पाहिला. गाठ आहे. "जानेवारीत आला असतात तर आवाज वाचला असता. आता आधी जीव वाचवू. घरात कुणालाच फरक जाणवला नाही?"

ताईनं माझा हात धरला. कुजबुजत, अडखळत म्हणाली, "डॉक्टर, याच्या कानांतून काही सुटत नाही. असतं काही, तर यानंच पहिल्या दिवशी सांगितलं असतं."

मी मान डोलावली.