पारासमोरचा झोपाळा

लोणावळा, १९३६

ती. आईस शैलाचा नमस्कार.

माझा खोकला बराच कमी आहे, शाळेत शिकवणंही छान चाललं आहे.

इथल्या पारावर पुरुष बसतात, म्हणून बायका त्यापुढून चपला हातात घेऊन जातात. पारासमोरच्या नव्या बागेत बायकांसाठी झोपाळा बांधा, असं मी सुचवलं. बागेच्या कमिटीचे अध्यक्ष नाना म्हणाले, "बसणार कोण?" आणि हसतच हो म्हणाले.

काल नागपंचमीला जवळच्या कुरवंडे गावाहून दूध घेऊन येणाऱ्या सरुबाईने नव्या झोपाळ्यापाशी किटली खाली ठेवली. "बाई, आमी बसलं तर चालंल का?" म्हणत तिने पहिला झोका घेतला. मग रांगच लागली. रांगेत नानांच्या पत्नी द्वारकाकाकूही होत्या. त्यांचे झोके होईपर्यंत नाना पारापुढे उभे होते, काकूंच्या चपला हातात धरून.

तुझा गुडघा कसा आहे? बरा वाटला की ये. पारापुढून येशील तेव्हा चपला पायातच असू देत.

तुझी,
शैला