रेणापूरचा ब्रिटिश

लातूर, ४-४-८३
चि. शंकरप्पा यास अ. आ.
लातूरचा जिल्हा झाला. कलेक्टरच्या पाट्या आल्या, नळाला पाणी नाही. टँकर तिसऱ्या दिवशी येतो.

तुझं चित्र पोचलं. करड्या रंगावर एक काळा गोळा. सोबतच्या छापील कागदात तू 'विख्यात ब्रिटिश अमूर्त चित्रकार' आहेस आणि तीस वर्षं 'पोकळीचा शोध' घेतोस म्हणे. रेणापूरचा ब्रिटिश! डॉक्टर व्हायला गेलास आणि एवढ्या वर्षांत हा एक गोळा? मी शिकवते त्या कॉलेजात यावर पासापुरतेही गुण मिळाले नसते. फोटोत केस खांद्यापर्यंत. तिथे न्हावी नाहीत का?

आईचा एक डोळा गेला. दुसरा दिवाळीपर्यंत टिकला तर नशीब, असं नांदेडचे डॉक्टर म्हणाले. शंकर कवा येतो, एवढंच ती विचारते. आणि ऐक, तिने तुझ्या गोळ्याला विभूती लावून बेल वाहिला. लिंगच समजली. मी फार हसले.
लोभ शिल्लक असेल तर येऊन दाखव.
रुद्राणी

लंडन, १९-४-८३
ती. अक्कास शि. सा. न.
आई चुकली नाही. एकावन्न साली बोटीवर दोरा तुटला आणि गळ्यातलं इष्टलिंग समुद्रात गेलं. लिंग हरवलेला माणूस जिवंत असून मेलेला, असं आईच म्हणायची. तिला काय तोंड दाखवू म्हणून आलो नाही. तेव्हापासून तेच रंगवतो. इथले लोक त्याला पोकळी म्हणतात. मी कुणाला दुरुस्त केलं नाही.
हे आईला सांगू नकोस. लोभ मागायचा मला हक्क नाही.
शंकर

लातूर, ५-५-८३
चि. शंकरप्पा यास अ. आ.
तुझं पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवलं, 'सांगू नकोस' या वाक्यासकट. बत्तीस वर्षांच्या भित्रेपणाची गुपितं मी सांभाळत नाही.

आई म्हणाली की हरपलं तर हरपलं, एवढं थोरलं रंगवत बसायपरीस एक कारड टाकायचं व्हतं. तुझ्या साऱ्या कारकिर्दीवर याहून नेमकं कुणी लिहिलं असेल असं मला वाटत नाही.

मठातल्या स्वामींकडून नवं लिंग आणलं आहे. ते ती कुणाला हात लावू देत नाही. तुझ्या गळ्यात स्वतः बांधणार म्हणते. दिवाळीची वाट पाहू नकोस. आणि केस कापून ये. तिला आता दिसतं कमी, गळा हाताला लागला पाहिजे.
लोभाचं तू आल्यावर बघू.
रुद्राणी