सॅम्पल फ्लॅटमधली डोकेदुखी

२ मार्च
आजपासून डोकेदुखी बंद. निर्णय झाला. मायग्रेन हे नाव डॉक्टरांनी फी वाढवायला काढलंय. मी वाघोलीत बिल्डरचे फ्लॅट विकतो, दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलतो. ज्याला डोकं आहे त्याचंच दुखणार. एप्रिलमध्ये शेठ सेल्स हेड नेमणार आहेत. माझ्याशिवाय आहे कोण? रियाज? तो माझ्याच हाताखाली शिकला.

५ मार्च
डोकं दुखलं. पण हे दुखणं जुनंच, ते संकल्पात धरायचं नाही. गोळी घेतली.

९ मार्च
हल्ली दुखायच्या आधीच गोळी घेतो. सकाळी एक, जेवल्यावर एक. याला प्लॅनिंग म्हणतात. मैना म्हणाली, अहो, एकदा डॉक्टरांना दाखवा. म्हटलं, डॉक्टरकडे आजारी माणसं जातात. म्हणाली, मग रोज गोळ्या कोण खातं? बायकोशी वाद घालू नये, डोकं दुखतं.

१४ मार्च, दुपार
साइटवर ऊन मी म्हणत होतं. डाव्या बाजूला घण बसायला लागले. ओकारी झाली. सॅम्पल फ्लॅटच्या मास्टर बेडरूममध्ये पडदे ओढून, डोळ्यांवर ओला रुमाल टाकून जरा टेकलो. तेवढ्यात रियाज हडपसरचं एक कुटुंब घेऊन आला. 'आणि ही मास्टर बेडरूम, एकदम शांत' म्हणत त्यानं दिवा लावला. बरोबरच्या आजीबाई किंचाळल्या. मग मला नीट न्याहाळून त्यांनी विचारलं, हे फ्लॅटबरोबरच येतात का? रियाज म्हणाला, नाही आजी, फर्निचर वेगळं.
बुकिंग झालं. त्या खोलीत झोप लागते हे सिद्ध कुणी केलं? इन्सेंटिव्ह मात्र रियाजला.

२३ मार्च
बँकेच्या लोकांबरोबर मीटिंग होती. बाथरूमच्या फरशीवर कपाळ टेकून बसलो होतो, म्हणून गेलो नाही. शेठचा फोन आला. म्हणाले, हिंदुराव, तुम्ही आता आराम करा. किती काळजी करतात! हेड करायच्या आधी माणसाला ताजंतवानं ठेवायची पद्धत असावी.

१ एप्रिल
रियाज सेल्स हेड. तारीख बघून मी मोठ्यानं हसलो. बाकी कुणी हसलं नाही.
संध्याकाळी तो टेबलापाशी आला. म्हणाला, साहेब, माझ्या अम्मीलाही हेच होतं. उपचारांनी बराच फरक पडला. चला, मी घेऊन जातो. म्हटलं, हेड झालास म्हणून माझ्या हेडमध्ये लक्ष घालू नकोस. चहा मात्र त्यानंच पाजला.

६ एप्रिल
केवळ मैनाच्या समाधानासाठी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरबाईंनी विचारलं, गोळ्या किती? निम्म्या सांगितल्या. तरी त्यांच्या भुवया वर गेल्या. म्हणाल्या, मायग्रेन आहेच, पण आता या रोजच्या गोळ्यांनीही डोकं दुखतंय. त्या बंद करा, दुसरं औषध देते. पहिले काही दिवस त्रास वाढेल, सुट्टी काढा. शेठना विचारलं. हवी तितकी घ्या म्हणाले, बिनपगारी.
गोळीनं डोकं दुखतं म्हणे! मग छत्रीनं पाऊस पडत असेल. गोळ्या चालू ठेवल्या.

१२ एप्रिल, रविवार
जाग आली तर घर शांत. टीव्ही नाही, कुकरची शिट्टी नाही, पोरांची भांडणं नाहीत. बरं वाटलं. अखेर घरच्यांना माझं दुखणं कळलं तर!
स्वयंपाकघरात गेलो. कुणीच नाही. मैनाला फोन लावला. ती वारज्याला भावाकडे गेली होती. मागून पोरांचा दंगा ऐकू येत होता. धाकटी घसा फाडून गात होती. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं.
विचारलं, न सांगता गेलीस? मैना म्हणाली, तुम्ही डोक्यावर उशी घेऊन झोपला होता. पोरांना एक दिवस मोठ्यानं बोलू दे की. घरी आम्ही सगळे कुजबुजतच बोलतो.
कधीपासून, विचारलं.
म्हणाली, धाकटी पहिला शब्दच कुजबुजत बोलली होती. रागावून नाही, सहज सांगितलं. मग तिकडे कुणीतरी हाक मारली आणि तिनं फोन ठेवला.
धाकटी आता सहा वर्षांची आहे.
दुपार झाली. घरात चिटपाखरू नाही. आवाजाला दोष द्यायची सोय नाही. डोकं ठणकतंच आहे.